नव्या घरात रुळताना

पनवेलजवळच्या कामोठ्यात मूळ गावातली घरे सोडली, तर जवळजवळ प्रत्येक कुटुंब दुसरीकडून आलेले आहे. सिडकोने इथे वसाहत आखली, हार्बर मार्गावर मानसरोवर स्थानक झाले आणि घाटावरची, कोकणातली, मराठवाड्यातली, उत्तर भारतातली माणसे इथल्या इमारतींत राहायला आली. त्यामुळे वर्षाच्या मध्येच वर्गात दाखल होणारे मूल इथल्या शिक्षकांना नवे नाही. असे मूल आठ-पंधरा दिवस गप्प बसते, मग बाकावरच्या सोबत्याशी बोलू लागते आणि दिवाळीपर्यंत ते नवे होते हे आपण विसरूनही जातो.

परंतु कधीतरी असेही मूल येते, की ज्याचे फक्त गाव बदललेले नसते. घर, अंथरूण, भाजीची चव, कानावर पडणारी बोली, आडनाव आणि ‘आई’ म्हणून हाक मारायची व्यक्ती हे सगळे एकाच आठवड्यात बदललेले असते. ते दत्तक आलेले असते. तेही तान्हेपणी नव्हे, तर पाच-सात वर्षांचे झाल्यावर. त्याचे वागणे आपल्याला कोड्यात टाकते. डब्यातली अर्धी पोळी ते खिशात लपवते. पडले, गुडघा फुटला, तरी रडत नाही. वर्गात प्रथमच आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर मात्र बिनधास्त जाऊन बसते. ‘इतके चांगले घर मिळाले, तरी असे का?’ हा प्रश्न शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि शिक्षकांच्या खोलीतही तो ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर रक्तात किंवा नशिबात शोधायची गरज नाही. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मुलांच्या भावबंधांविषयी जो अभ्यास झाला, त्यात ते बऱ्यापैकी सापडते.

मूल घरी येते ते कसे?

आपल्याकडे दत्तक ही जुनी गोष्ट आहे आणि मोठे मूल दत्तक घेणेही नवे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ साली कोल्हापुरास दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाला, तेव्हा त्याला दहावे वर्ष चालू होते. ही दत्तके घराण्याला वारस हवा म्हणून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी एका विधवेचे मूल आपले केले, त्यामागचा विचार वेगळा होता. तिथे आधी मूल होते आणि मग त्याला घर मिळाले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली.

आजचा कायदा या दुसऱ्या विचारावर उभा आहे. ‘मुलासाठी कुटुंब शोधायचे, कुटुंबासाठी मूल नव्हे’ असे त्याचे सूत्र सांगता येईल. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बालकल्याण समितीने ‘दत्तक देण्यास मुक्त’ असे जाहीर केलेले मूलच दत्तक देता येते. इच्छुक पालक केंद्र सरकारच्या ‘कारा’ या संस्थेकडे नोंदणी करतात. समाजकार्यकर्ता त्यांच्या घरी येऊन अहवाल तयार करतो. पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमतीही घेतली जाते. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हा दंडाधिकारी देतात.

२०२४-२५ या वर्षात देशात या मार्गाने ४,५१५ मुले दत्तक गेली. बहुतेक पालकांना तान्हे मूल हवे असते, म्हणून त्यासाठीची प्रतीक्षा काही वर्षांची आहे. मोठी मुले मात्र संस्थांमध्ये घराची वाट पाहत राहतात.

यातला एक टप्पा शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. आदेश हाती येण्याआधीच मूल पालकांच्या घरी राहायला येते. या काळाला दत्तकपूर्व प्रतिपालन म्हणतात. म्हणजे मूल घरात आणि शाळेत आलेले असते, पण कागद अजून पूर्ण झालेले नसतात. पुढे दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेचे कार्यकर्ते घरी येऊन मुलाची प्रगती पाहतात. दोन वर्षे हा काळ थोडा नाही; एवढे लक्ष ठेवावे लागते हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलेले आहे.

प्रतिपालनाचा आणखी एक प्रकार आहे. सहा वर्षांवरील ज्या मुलांना दत्तक घर मिळत नाही, त्यांना संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात ठरावीक काळ सांभाळायला देता येते. हे प्रतिपालक कुटुंब कायद्याने मुलाचे आईबाप होत नाही. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूल दत्तक देण्यास मुक्त असेल, तर दोन वर्षे सांभाळल्यानंतर हेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते. आधी ही अट पाच वर्षांची होती. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना मात्र यापेक्षा वेगळी समजावी. तिच्यात बहुतेक मुले आपल्याच एकट्या पालकाजवळ किंवा नातेवाइकांजवळ राहतात आणि त्यांच्या पालनासाठी सरकार मासिक अनुदान देते. आपल्या वर्गात या साऱ्या प्रकारची मुले असू शकतात.

गप्प मूल म्हणजे रुळलेले मूल नव्हे

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हजारो मुले अनाथ झाली होती. त्यांच्या प्रश्नावर इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. अन्न आणि निवारा जितका आवश्यक, तितकीच एका ठरावीक, जवळच्या व्यक्तीची कायमची सोबत मुलाला आवश्यक असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट दाखवला. त्यात दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस इस्पितळात आईविना राहते. त्या काळी पालकांना मुलाजवळ थांबू देत नसत. कारण परिचारिका म्हणत, ‘आई आली की मूल रडते, नाहीतर शांत असते.’

बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी दाखवून दिले की ही शांतता फसवी आहे. जवळच्या माणसापासून तुटलेले मूल आधी आक्रोश करते. हाकेला कोणी येत नाही असे दिसले, की ते निराश होऊन मलूल होते. त्यानंतर ते अलिप्त होते. ते खाते, खेळते, हसतेही. परंतु कोणा एकाकडे धाव घेत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, रुळले. खरे तर त्याने मागणेच सोडून दिलेले असते.

गुडघा फुटूनही न रडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याकडे आता पुन्हा पाहा. रडणे ही मदतीची हाक असते. ज्या मुलाच्या हाकेला वेळेवर उत्तर मिळाले नाही, ते हाक मारायचे बंद करते. संस्थेतल्या मावशींनी प्रेम केले नाही असा याचा अर्थ नाही. दहा-बारा मुलांमागे एक मावशी, तीही पाळीने बदलणारी, असे असेल, तर प्रत्येक हाकेला तिने ओ द्यावी तरी कशी?

दत्तक आलेल्या मुलाच्या बहुतेक ‘विचित्र’ वागण्याचे मूळ असेच असते. ते वागणे आधीच्या जागी उपयोगी होते. जेवण घंटेनंतरच मिळत असेल, तर चार बिस्किटे उशीखाली ठेवणे शहाणपणाचेच आहे. आपले असे कपाट नसेल, तर आवडती वस्तू सतत हातात धरणे बरोबरच आहे. अनेक मोठी माणसे येत-जात असतील, तर नव्या पाहुण्याशी चटकन गोड बोलल्यावर थोडे लक्ष मिळते. जागा बदलली म्हणून शिकलेले धडे त्याच दिवशी पुसले जात नाहीत.

रुमानियाने शिकवलेले

हे धडे किती खोल जातात आणि घर मिळाल्यावर किती भरून येतात, याचा मोठा अभ्यास रुमानियातल्या मुलांवर झाला. डिसेंबर १९८९ मध्ये तिथली चाउशेस्कू यांची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची दैना जगासमोर आली. अनेक मुले इंग्लंडमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी १६५ मुले मोठी होईपर्यंत अभ्यासली. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ अनाथालयात राहिलेली मुले पुढे इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ राहिलेल्यांमध्ये लक्ष न टिकणे आणि परक्यांशी अतिसलगी अशा अडचणी जास्त आढळल्या. तरीही या दुसऱ्या गटातली सुमारे एक पंचमांश मुले मोठेपणी अडचणींपासून मुक्त होती. सुरुवातीला बुद्धीच्या वाढीत मागे असलेली बरीच मुले तरुणपणापर्यंत सर्वसामान्य पातळीवर आली होती.

बुखारेस्ट शहरात २००० सालानंतर आणखी एक अभ्यास झाला. अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून खास तयार केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत पाठवले. उरलेली आधीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात मोजले, तेव्हा संस्थेतल्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७३ होता आणि कुटुंबात गेलेल्यांचा सुमारे ८१. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांचे भावबंधही अधिक घट्ट झाले.

आपल्याकडच्या संस्था म्हणजे त्या काळचा रुमानिया नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. डोंबिवलीचे जननी आशिष, पुण्यात ससून रुग्णालयाच्या आधाराने उभे राहिलेले सोफोशचे श्रीवत्स अशा संस्थांनी अनेक वर्षे मुलांची काळजी घेतली आहे. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. त्यांतून दोन गोष्टी मात्र घेता येतात. घर लवकर मिळाले तर उत्तम. आणि उशिरा मिळाले तरी मूल भरून येते, पण त्याला वेळ लागतो.

मूल प्रयोग करत असते

आता समजा, मराठवाड्यातल्या एका संस्थेतून सात वर्षांची मुलगी कामोठ्यातल्या एका घरी आली. दोन खोल्यांचे घर, आई, बाबा आणि आजी. आपण तिच्याबरोबर वर्षभर चालून पाहू.

पहिले काही आठवडे ती शहाण्यासारखी वागते. सांगितलेले सारे ऐकते, ताट स्वच्छ करते, स्वतःचे अंथरूण घडी करून ठेवते. आजी कौतुकाने सगळ्यांना सांगते. पण हे पाहुण्याचे वागणे आहे. परक्या घरी आपणही असेच वागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चित्र पालटते. क्षुल्लक कारणावरून ती ओरडते, आईच्या हातचे जेवायला नकार देते, ‘मला परत ताईंकडे जायचंय’ म्हणते. आईला वाटते, आपले काहीतरी चुकले. खरे पाहता इथे मुलगी पुढे सरकलेली असते. रागावले तरी चालते, एवढा भरवसा तिला वाटू लागलेला असतो, आणि आता तिला तो तपासून पाहायचा असतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मुलीच्या मनात एक गृहीतक आहे : ‘माणसे सोडून जातात, हे लोकही मला परत पाठवतील.’ आजवरच्या अनुभवाने ते सिद्ध केलेले आहे. आता ती प्रयोग करते. दूध सांडले तर काय होते? खोटे बोलले तर? ‘तू माझी आई नाहीस’ म्हटले तर? प्रत्येक वेळी ती निष्कर्षाकडे लक्ष ठेवून असते. आई रागावली, पण संध्याकाळी नेहमीसारखे जेवायला वाढले. बाबांनी फरशी पुसायला लावली, पण रात्री गोष्ट सांगितली. अशी निरीक्षणे साठत जातात. एका निरीक्षणाने गृहीतक बदलत नाही. शंभरदा तेच उत्तर आले, की मग ते डळमळू लागते.

म्हणूनच या काळात दिलेली ‘परत पाठवून देईन’ ही धमकी सर्वांत घातक ठरते. आपल्याकडे कोणत्याही घरात मुलाला वैतागून असे काहीबाही म्हटले जाते आणि ते मूल हसून सोडून देते. या मुलीला मात्र तो तिच्या गृहीतकाचा पुरावा वाटतो. काही घरांत तर ही नुसती धमकी राहत नाही. आदेशाआधी किंवा आदेशानंतरही मूल संस्थेत परत जाण्याचे प्रसंग घडतात आणि मोठ्या वयाच्या मुलांबाबत हा धोका अधिक असतो. नियमावलीत त्यासाठी वेगळ्या तरतुदी कराव्या लागल्या आहेत. अशा मुलाच्या पुढच्या घराचे काम दुप्पट अवघड होते.

पाच-सहा महिन्यांनंतर, किंवा काहींच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांनंतर, लहान लहान बदल दिसतात. लागले की ती रडते आणि रडत आईकडेच जाते. पाहुणे आले की आधी आजीच्या मागे उभी राहते. उशीखालची बिस्किटे तिथेच मऊ पडतात, कारण ती खायचे लक्षात राहत नाही. रुळण्याच्या खुणा अशा असतात. त्या परीक्षेच्या गुणांत दिसत नाहीत.

शरीरही रुळते

रुळणे फक्त मनाचे नसते. सतत सावध राहणाऱ्या मुलाच्या शरीरात तणावाशी संबंधित कॉर्टिसॉल या संप्रेरकाची दैनंदिन लय बिघडलेली आढळते. एरवी ते सकाळी जास्त आणि रात्री कमी असते. काळजीपासून वंचित राहिलेल्या मुलांत सकाळची ही वाढ मंदावलेली दिसते. झोप नीट न लागणे, दचकणे, वर्गात एकाग्र न होणे यांचा संबंध या सावधपणाशी असू शकतो. घरातला दिनक्रम स्थिर असेल आणि सांभाळणारे हाकेला ओ देत असतील, तर ही लय सुधारू शकते, असे प्रतिपालनातल्या मुलांवरच्या अभ्यासांत दिसले आहे.

उंची आणि वजन यांत तर भर झपाट्याने पडते. दत्तक मुले घरी आल्यावर वाढीतला अनुशेष मोठ्या प्रमाणात भरून काढतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांवरून दिसून आले आहे. दोन महिन्यांत चपला लहान होणे ही अशा घरांतली नेहमीची तक्रार!

याचा एक कमी माहीत असलेला परिणाम शिक्षिकांनी ध्यानात ठेवावा. भारतातून स्वीडनला दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांची पाळी सुरू होण्याचे मध्यक वय ११.६ वर्षे होते. ते त्या काळच्या स्वीडिश मुलींपेक्षा आणि भारतातल्या सुखवस्तू घरच्या मुलींपेक्षाही कमी होते. आधी कुपोषण आणि मग एकदम भरभरून वाढ, हे त्याचे एक कारण मानले जाते. प्रत्येक मुलीचे असेच होईल असे नाही. पण चौथी-पाचवीतल्या मुलीला याची तयारी आधीच करून द्यावी आणि शंका वाटल्यास डॉक्टरांना विचारावे, हे बरे.

घरालाही रुळावे लागते

रुळण्याची सगळी जबाबदारी मुलावर टाकून चालत नाही. घरात पाऊल मुलाचे पडते, पण घरातल्या प्रत्येकाची जागा बदलते.

वाट पाहण्यात काही वर्षे गेलेली असतात. त्या वर्षांत आईने मनात एक मूल वाढवलेले असते. प्रत्यक्षात आलेले मूल त्याच्यापेक्षा वेगळे असते. त्याची बोली वेगळी असते, त्याला पुरणपोळी आवडत नाही, ते मिठी मारू देत नाही. अशा वेळी ‘मला अजून हे मूल माझे वाटत नाही’ असे आईबापांना वाटणे शक्य आहे. बाळंतिणीला येणाऱ्या उदासीसारखी उदासी दत्तक आईलाही येऊ शकते. मात्र बाळंतिणीला ती येते हे सगळ्यांना माहीत असते. दत्तक आईला लोक म्हणतात, ‘तुम्हीच तर आणलंत ना?’ मग ती बोलत नाही. माया ही सहवासाने येते आणि दोन्हीकडून सावकाश येते, हे तिला कुणीतरी सांगायला हवे असते.

घरात आधीचे मूल असेल, तर त्याचाही विचार करावा लागतो. आठ वर्षे एकुलते असलेल्या मुलाला अचानक सात वर्षांची बहीण मिळते. ती तान्ही नसते. त्याचीच सायकल मागते. आजी-आजोबांचे तर वेगळेच. त्यांचे ‘रक्ताचं ते रक्ताचंच’ हे वाक्य बऱ्याचदा मुलाच्या कानावर पडते. पण शाळेतून आल्यावर मुलाला दार उघडणारी व्यक्तीही आजीच असते. नोकरीसाठी आईबाप लोकलने मुंबईला जातात अशा कामोठ्यातल्या घरांमध्ये आजीचे मन वळणे म्हणजे अर्धे काम झाल्यासारखेच आहे.

मूल संस्थेतून न येता प्रतिपालक कुटुंबातून आले असेल, तर आणखी एक गुंतागुंत असते. या मुलाला कुणावर तरी जीव लावता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो जीव आधीच्या घरातल्या काकूवर लावलेला असतो आणि आता तीच सुटलेली असते. मूल तिच्या आठवणीने रडते, तेव्हा नव्या आईला ते नाकारल्यासारखे वाटते. वास्तविक, एकीसाठी रडणारे मूल दुसरीवरही प्रेम करू शकते. म्हणून हा बदल टप्प्याटप्प्याने व्हावा. आधी भेटी व्हाव्यात, मग एक-दोन दिवसांचा मुक्काम, आणि घर बदलल्यानंतरही फोन किंवा भेट चालू राहावी. जुनी चादर, जुना पेला, फोटो मुलाबरोबर यावेत. चादर लगेच धुऊ नये. तिला ओळखीचा वास असतो. सांभाळणाऱ्या कुटुंबानेच पुढे दत्तक घेतले, तर हे तुटणे वाचते. २०२४ च्या बदलाचे महत्त्व यात आहे.

सांगायचे कधी आणि कसे?

पाच-सात वर्षांच्या मुलाला आपण दुसरीकडून आलो हे आठवतच असते. प्रश्न येतो तो तान्हेपणी आलेल्यांचा. ‘मोठे झाल्यावर सांगू’ असे बरेच पालक ठरवतात आणि एखाद्या लग्नघरात कुणीतरी दूरचा नातेवाईक ते मुलाला सांगून टाकतो. त्या दिवशी मुलाला दुःख होते ते दत्तक असण्याचे कमी आणि लपवल्याचे जास्त. म्हणून दत्तकाची गोष्ट अगदी लहानपणापासून, झोपताना सांगायच्या गोष्टींसारखी सांगत राहावी, असे या क्षेत्रातल्या बहुतेकांचे मत आहे.

तरीही एक गोष्ट पालकांना चकवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी मुलांना दत्तक म्हणजे काय हे कितपत समजते, याचा अभ्यास केला. चार-पाच वर्षांचे मूल ‘मी दत्तक आहे’ हे आनंदाने सांगते, पण त्याला शब्द कळलेला असतो, अर्थ नाही. आठव्या वर्षाच्या आसपास त्याच्या लक्षात येते, की आपल्याला कुणी घेतले, याचा अर्थ आधी कुणीतरी सोडले. इतकी वर्षे खुशीत असलेले मूल तिसरी-चौथीत एकाएकी गप्प किंवा चिडचिडे होते ते काही वेळा यामुळे. हे बिघडणे नव्हे. त्याची समज वाढल्याची ती खूण आहे. पुढे किशोरवयात ‘मी कोण?’ हा प्रश्न पुन्हा वर येतो. आपल्या मुळाचा शोध घेण्याचा मार्ग कायद्याने ठेवला आहे. अठरा वर्षांनंतर त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांबरोबर.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकाने समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा नाही. पण काही साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, गुप्तता. मूल दत्तक आहे हे कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हे मूल आणि पालक ठरवतील. हजेरीपटावर खूण नको, शिपायांपर्यंत कुजबूज नको.

दुसरी, प्रवेश. संस्थेतून आलेल्या मुलाचे शिक्षण मध्येच तुटलेले असू शकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली आहे. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवले, तर त्याच्या नवेपणात कमीपणाची भर पडते.

तिसरी, पाठ्यक्रमातले उपक्रम. ‘तुमचा वंशवृक्ष काढा’, ‘तान्हेपणीचा फोटो आणा’, ‘आईवडिलांपैकी कुणासारखे नाक?’ हे उपक्रम आपण सहज देतो. वंशवृक्षाऐवजी ‘माझी माणसे’ असे चित्र काढायला सांगितले, तर दत्तक मुलाबरोबरच आजीकडे वाढणाऱ्या किंवा वडील नसलेल्या मुलाचीही सोय होते. तान्हेपणीऐवजी ‘आवडता फोटो’ चालतो. आनुवंशिकता शिकवताना घरातल्यांची कानाची पाळी तपासण्यापेक्षा वाटाण्याची रोपे किंवा वर्गातल्या मुलांमधले फरक घ्यावेत. त्याच तासाला हेही सांगता येते, की डोळ्यांचा रंग जनुकांतून येतो. पण भाषा, चालीरीती, विनोद करायची तऱ्हा ही ज्यांच्यात वाढलो त्यांच्याकडून येते.

चौथी, दिनक्रम. तास बदलला, शिक्षक रजेवर जाणार असले, सहल निघणार असली, तर या मुलाला आदल्या दिवशी सांगावे. डबा लपवताना सापडला, तर चोरी म्हणून वर्गासमोर उभे करू नये. ‘मधल्या सुट्टीनंतरही भूक लागली तर मला सांग’ एवढे म्हणावे आणि खरोखर सांगितले तर खायला द्यावे. शिक्षा करायचीच झाली, तर वर्गाबाहेर उभे करण्याची नको. बाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे या मुलाने एकदा अनुभवलेले असते.

पाचवी, पालक. मूल शाळेत शहाणे आणि घरी त्रासदायक, असे बऱ्याचदा दिसते. आईने तक्रार केली, की आपण म्हणतो, ‘इथे तर अगदी गुणी आहे हो!’ आईला ते ऐकून अधिकच एकटे वाटते. मूल तपासून पाहत असते ते घरातल्या माणसांना, कारण तीच त्याच्यासाठी महत्त्वाची झालेली असतात. हे शिक्षकाने सांगितले, तर तिला धीर येतो. त्रास फारच वाढला, तर मूल जिथून आले त्या दत्तक संस्थेशी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलायला सुचवावे. कामोठे रायगड जिल्ह्यात येते, तेव्हा इथल्या पालकांसाठी हा कक्ष अलिबागला आहे. मदत मागितली म्हणून मूल काढून घेतील अशी भीती पालकांना वाटते. पण दोन वर्षांच्या त्या भेटी मुळात अशा वेळी आधार मिळावा यासाठीच ठेवलेल्या आहेत.

या पाचही गोष्टींना पैसा लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही. घरातल्या प्रयोगासारखाच एक प्रयोग ते मूल शाळेतही करत असते. आज बाईंनी हाक मारली, उद्या मारतील का? गृहपाठ चुकला म्हणून रागावल्या, तरी परवा फळ्याजवळ बोलावतील का? या प्रश्नांची उत्तरे रोज तीच येत राहिली, तर एखाद्या दिवशी खेळताना पडल्यावर ते मूल मोठ्याने रडत तुमच्याकडे येईल. त्या दिवशी त्याच्या आईला निरोप जरूर पाठवा. तिच्यासाठी ती आनंदाची बातमी असेल.